'इंजिन तापले' म्हणजे नेमके काय तापले?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

घोडबंदर रस्त्यावर गायमुखच्या चढाला किंवा मुंब्रा बायपासवर एखादा कंटेनर ट्रेलर अडकला की दुसऱ्या दिवशी आपल्या दैनिकात त्याची बातमी असते, आणि तिच्यात कारण म्हणून बहुधा एकच वाक्य असते : 'इंजिन तापल्यामुळे वाहन बंद पडले.' बातमीदाराचा यात दोष नाही. चालक तसे सांगतो, वाहतूक पोलीस तेच लिहून घेतात आणि तेच छापून येते. न्हावा-शेवा बंदर १९८९ साली सुरू झाले, त्यानंतर दोनेक वर्षांनी मी कळंबोलीत एका वाहतूक व्यावसायिकाकडे गाड्यांच्या देखभालीच्या कामाला लागलो आणि निवृत्त होईपर्यंत हे 'तापलेले इंजिन' जवळजवळ रोज पाहत आलो. त्या अनुभवावरून सांगतो, की अलीकडच्या गाड्यांपैकी चढाला जीव सोडणाऱ्या पुष्कळ गाड्यांचे पाणी तापलेलेच नसते. तापलेली असते ती इंजिनात जाणारी हवा. हे दोन आजार वेगळे आहेत आणि त्यांची तपासणीही वेगळी आहे. एकाचे औषध दुसऱ्याला दिले गेल्यामुळे मालकाचे पैसे जातात आणि गाडी आठ दिवसांनी पुन्हा त्याच चढाला उभी राहते.

मी कामाला लागलो तेव्हाच्या बहुतेक ट्रकना टर्बो नव्हता. पिस्टन खाली जाताना ओढेल तेवढीच हवा सिलिंडरमध्ये जायची आणि तापायचे ते पाणीच. खंडाळ्याच्या घाटात कडेला गाडी घेऊन, हाताला फडके गुंडाळून रेडिएटरचे झाकण सैल करणारा क्लीनर हे तेव्हाचे नेहमीचे दृश्य होते. आता टर्बो बाहेरची हवा दाबून आत भरतो. सहा लिटरचे इंजिन मिनिटाला २,००० फेऱ्यांवर चालत असेल तर त्याच्या सिलिंडरांत मिनिटाला सुमारे ६,००० लिटर हवा भरली जाते, आणि ती दाबलेली असल्यामुळे पूर्ण लोडवर बाहेरून ओढलेल्या हवेचे माप त्याच्या दुपटीहून अधिक होते. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने दाबून चार वेळा हवा मारली की पंपाचे खालचे टोक चटका देते, हे ज्याने लहानपणी अनुभवले आहे त्याला पुढचे समजावून सांगायला नको. पूर्ण लोडवर टर्बोमधून बाहेर पडणारी हवा १५० ते १७५ अंश सेल्सिअसपर्यंत, प्रसंगी त्याहूनही वर जाते. गरम हवा विरळ असते, म्हणून तेवढ्याच जागेत प्राणवायू कमी मावतो. यासाठीच टर्बो आणि इंजिन यांच्या मध्ये, बहुतेक गाड्यांत रेडिएटरच्या पुढे, ॲल्युमिनियमची आणखी एक जाळी बसवलेली असते. तिला आपण इंटरकूलर म्हणतो. समोरचा वारा आणि मागचा पंखा यांच्या जोरावर तो हवेचा ताप उतरवतो. इंटरकूलर आणि पंखा धड असतील तर पूर्ण लोडवरसुद्धा इंजिनात शिरणारी हवा बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १५ ते २५ अंशांनीच अधिक गरम असते. नक्की आकडा त्या त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेला असतो. पण पाहायचा असतो तो हा फरक. नुसते तापमान पाहून काही कळत नाही, कारण डिसेंबरच्या पहाटेचे ५५ अंश ही तक्रार आहे आणि मे महिन्याच्या दुपारचे ५८ अंश हे आरोग्य आहे.

फसगत होते ती चालकासमोरच्या काट्यामुळे. तो काटा पाण्याचा असतो. हवेचा काटा बहुतेक गाड्यांत नसतोच. हवा ठरलेल्या मर्यादेपलीकडे तापली की इंजिनचा संगणक, ज्याला गॅरेजमध्ये ईसीएम म्हणतात, आपणहून डिझेल कमी करतो. असे त्याने केले नाही तर कमी हवेत पूर्ण डिझेल जळू पाहील, काळा धूर येईल, एक्झॉस्टची उष्णता वाढेल आणि टर्बो व पिस्टन यांवर ते बेतेल. चालकाला मात्र एवढेच कळते, की पाण्याचा काटा अर्ध्यावर आहे, एखादा पिवळा दिवा लागला आहे आणि गाडी ओढत नाही. सपाट रस्त्यावर हे जाणवत नाही; जाणवते ते चढाला, कारण तिथे लोड सर्वांत जास्त, वेग सर्वांत कमी आणि समोरून येणारा वारा जवळजवळ शून्य असतो. त्यातही दुपारी जाणवते. रात्री दहानंतर हीच गाडी तोच चढ निमूटपणे चढून जाते, आणि मग मालक म्हणतो की चालकच कामचोर आहे. असे किमान दोन चालक कामावरून गेलेले मी पाहिले आहेत. त्यांतल्या एकाच्या वेळी मी गप्प बसलो होतो, हे येथे लिहून टाकतो.

निवृत्तीच्या आधीच्या उन्हाळ्यातली एक गाडी मला अजून आठवते. चाळीस फुटी कंटेनर न्हावा-शेवाहून गुजरातकडे नेणारा ट्रेलर होता. चालक बीडकडचा, अबोल. तो म्हणाला, "काका, काटा अर्ध्यावरच हाय, पण गाडी चढाला लोडच घेईना." बाहेरच्या एका गॅरेजने तोपर्यंत हवेच्या तापमानाचा सेन्सर दोनदा बदलला होता. मी इंजिनच्या संगणकातले आकडे दाखवणारा स्कॅनर मांडीवर घेऊन त्याच्या शेजारी बसलो. दुपारचे अडीच, बाहेर ३६ अंश. शिळफाट्यापर्यंत हवेचा आकडा साठीच्या आत-बाहेर होता. मुंब्रा बायपासचा चढ लागला तसा तो ७० झाला, मग ७८, मग ८४. पाणी ९१ वर स्थिर, म्हणजे अगदी निरोगी. ८४ ला दिवा लागला आणि गाडीने मान टाकली. मागे हॉर्न सुरू झाले ते वेगळेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, इंजिन सुरू करण्याआधी, मी फक्त चावी फिरवून आकडे वाचले. बाहेर २८, आत जाणारी हवा २८, पाणी २९. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत सगळी तापमाने एकमेकांच्या दोन-तीन अंशांत असलीच पाहिजेत, कारण तेव्हा तापवणारे काहीच नसते. ही तपासणी फुकट आहे, तिला एक मिनिट लागते, आणि तिने सेन्सर साधारणपणे निर्दोष ठरतो. तरी ती न करता सेन्सर बदलला जातो, कारण स्कॅनरवर 'इनटेक मॅनिफोल्ड टेम्परेचर' अशी अक्षरे दिसली की वाचणारा त्यापुढे 'सेन्सर खराब' असे मनातच जोडतो. वास्तविक अवजड वाहनांच्या संगणकाची भाषा याबाबत नेमकी आहे. एसपीएन १०५ हा क्रमांक म्हणजे आत जाणाऱ्या हवेचे तापमान, आणि त्याच्या जोडीला येणारा एफएमआय हा दुसरा आकडा तक्रारीचा प्रकार सांगतो. तो ३ किंवा ४ असेल तर विजेचा दाब मर्यादेबाहेर गेलेला आहे, म्हणजे सेन्सर, वायर किंवा कनेक्टर पाहायचा. तो ०, १५ किंवा १६ असेल तर संगणक सांगत असतो की मोजमाप बरोबर आहे आणि हवा खरोखरच गरम आहे. आमच्या गाडीवर १०५ च्या जोडीला १६ होता. पहिला आकडा वाचायचा आणि दुसरा सोडून द्यायचा, हे चिठ्ठीवरचे नाव वाचून रोग न वाचण्यासारखे झाले.

सेन्सरवर संशय असेलच तर त्याचाही सरळ मार्ग आहे. हे सेन्सर असे असतात की तापले की त्यांचा विद्युतरोध घटतो. कनेक्टर काढला की संगणकाला तो रोध अमर्याद वाटतो आणि स्कॅनरवर उणे ४० च्या आसपास आकडा दिसतो. कनेक्टरच्या दोन पिना वायरने जोडल्या की आकडा वरच्या टोकाला जातो. असे दोन्ही घडले तर वायरिंग आणि संगणक ठीक आहेत. काही गाड्यांत दोष नोंदला जाताच संगणक स्वतःचा ठरीव आकडा दाखवू लागतो, त्यामुळे येथेही मॅन्युअल उघडून पाहणे बरे. आणखी एक गोष्ट नवख्यांना चकवते. लोडवरून आलेली गाडी बंद करून दहा मिनिटांनी सुरू केली तर हवेचा आकडा चढलेला दिसतो. ती उभ्या इंजिनची साचलेली धग असते आणि गाडी चालू लागली की उतरते. तो आजार नव्हे.

मग इंटरकूलर. समोरून पाहिले तर जाळी लख्ख होती, कारण क्लीनर रोज तिच्यावर पाण्याचा फवारा मारत असे. पण इंटरकूलर आणि त्याच्या मागचा रेडिएटर यांच्यात दोन बोटांची फट असते, ती समोरूनही दिसत नाही आणि मागूनही दिसत नाही. बोल्ट सैल करून इंटरकूलर चार बोटे पुढे ओढला आणि टॉर्च घातला तेव्हा त्या फटीत गोधडीच्या अस्तरासारखा थर दिसला. दगडखाणींची आणि काँक्रीटच्या कामांची पांढरट धूळ, तिला धरून ठेवणारा तेलाचा ओशटपणा, एप्रिल-मेमध्ये उडणारा सावरीचा कापूस, आणि त्यात चक्क झेंडूच्या सुकलेल्या पाकळ्या होत्या. दसऱ्याला गाडीच्या तोंडाला घातलेला हार पंख्याने पाकळी-पाकळी करून आत ओढला होता आणि रोजच्या समोरच्या फवाऱ्याने ते सगळे अधिक आत ठासले गेले होते. जाळी धुवायची ती वाऱ्याच्या उलट दिशेने, म्हणजे इंजिनच्या बाजूने बाहेर, आणि कमी दाबाच्या पाण्याने. वॉशिंग सेंटरवरची प्रेशरची पिचकारी तिरकी मारली की ॲल्युमिनियमचे पातळ पडदे आडवे होतात आणि मग स्वच्छ जाळीतूनही वारा जात नाही. आम्हाला ते काम करायला अर्धा दिवस लागला. त्यानंतर तोच चढ, तेवढाच लोड आणि बाहेर पुन्हा ३६ अंश असताना आकडा ५८ वर थांबला. ८४ आणि ५८ अंशांच्या हवेत, दाब तोच धरला, तर शंभरातल्या सात भागांचा फरक पडतो. दर शंभर भाग हवेतले सात भाग हवा ही गाडी चढाला गमावत होती. नवा भाग एकही लागला नाही. गाडी वर पोचल्यावर चालक काहीच बोलला नाही, त्याने फक्त खालचा गिअर न टाकता चढ संपवला.

याचा अर्थ दर वेळी जाळीच दोषी असते असा नाही, आणि माझ्या हातून झालेली एक चूक सांगितल्याशिवाय हे पत्र प्रामाणिक होणार नाही. बीएस-४ या धुराच्या जुन्या मानकाच्या एका गाडीला हीच तक्रार होती. जाळी स्वच्छ, सेन्सर बरोबर, म्हणून मी टर्बो बदलायला लावला. मालकाचे हजारो रुपये गेले आणि आकडा चार-पाच अंशही उतरला नाही. नंतर एका शिकाऊ मुलाने केबिन पुढे कलती केली असताना एअर फिल्टरकडे जाणाऱ्या नळीचा रबरी सांधा हाताने दाबून पाहिला, तर तो खालच्या अंगाने तळहाताएवढा फाटलेला होता. फिल्टर केबिनमागची थंड हवा न ओढता इंजिनजवळची भाजलेली हवा ओढत होता. येथे एक हिशेब आहे, जो मला तेव्हा सुचायला हवा होता. टर्बोमध्ये शिरणारी हवा २० अंशांनी अधिक गरम असेल, तर बाहेर पडताना तो फरक २० वर राहत नाही, दाबला जाताना तो तिसाच्या घरात जातो. इंटरकूलरला तेवढे अधिक काम पडते. गच्च भरलेला एअर फिल्टरही असाच छळ करतो, कारण ओढायलाच त्रास झाला की तेवढाच दाब तयार करण्यासाठी टर्बोला जास्त फिरावे लागते आणि हवा जास्त तापते. म्हणून हवेच्या वाटेवर सुरुवातीपासून हात फिरवत जावे आणि महागड्या भागाकडे शेवटी वळावे, हे मी त्या टर्बोच्या पैशांत शिकलो.

टर्बोच्या पुढची गळती हा तिसरा प्रकार. टर्बो ते इंटरकूलर आणि इंटरकूलर ते इंजिन यांच्यामधल्या रबरी होसच्या क्लिपा सैल होतात, होस आतून सुटा होतो किंवा जाळीच्या टाक्यांचे सांधे चिरतात. हवा बाहेर निसटली की संगणकाने ठरवलेला दाब गाठण्यासाठी टर्बो अधिक वेगाने फिरतो, म्हणजे पुन्हा ताप. फिस्स असा आवाज लोडवरच येतो, उभ्या गाडीत येत नाही, म्हणून गॅरेजमध्ये तो सापडत नाही. नळ्यांत बाहेरून हवा भरून, साबणाचे पाणी लावून फुगे शोधण्याचा जुना मार्ग चांगला आहे, पण पक्की परीक्षा म्हणजे इंटरकूलरची दोन्ही तोंडे बंद करून त्यात ३० पीएसआय दाबाची हवा भरणे आणि पुरवठा बंद करून पंधरा सेकंदांत दाब किती उतरतो ते पाहणे. उत्पादकानुसार पाच ते सात पीएसआयपर्यंतची उतरण चालते. त्याहून जास्त असेल तर इंटरकूलर काढावा लागतो. एक सूचना मात्र कळकळीची आहे : तोंडे बंद करणारी बुचे साखळीने बांधल्याखेरीज हवा भरू नये. ३० पीएसआय हा आकडा टायरपुढे किरकोळ वाटतो, पण एवढ्या रुंद तोंडावरचे सुटलेले बूच माणसाचा जबडा मोडते.

इंटरकूलरच्या आतल्या बाजूचेही पाहावे. होस काढल्यावर आत तेलाचा हलका ओशटपणा असणे नेहमीचे. पण तेल ओघळत असेल तर टर्बोची सील किंवा इंजिनातली वाफ बाहेर सोडणारा ब्रीदर पाहावा लागतो. आतून तेलाने माखलेली जाळी उष्णता बाहेर सोडत नाही, आणि बाहेरून कितीही धुतली तरी फरक पडत नाही.

पंख्याकडे दुर्लक्ष होते कारण तो फिरताना दिसतो. फिरतो म्हणजे ओढतो असे नाही. तेलाच्या क्लचचा पंखा इंजिन बंद करून, चावी काढून हाताने फिरवला आणि तो एखाद्या भिंगरीसारखा सुटा फिरला, तर क्लच गेला. संगणकाने चालणारा पंखा स्कॅनरवरून हुकूम देऊन सुरू करून पाहता येतो. पंख्याभोवतीची काउल, म्हणजे वाऱ्याला वाट देणारे कडे, तुटलेली असली किंवा जाळ्यांच्या कडेच्या रबरी पट्ट्या अपघातानंतरच्या दुरुस्तीत परत बसवल्याच नसल्या, तर पंखा समोरची थंड हवा ओढण्याऐवजी इंजिनची गरम हवा कडेने फिरवून पुन्हा ओढतो. या पट्ट्यांची किंमत सगळ्या गाडीत सर्वांत कमी असेल आणि त्या सर्वांत आधी फेकल्या जातात. समोरच्या ग्रिलवर बांधलेले फ्लेक्स, काळी कापडे, जाडजूड जाळ्या यांबद्दल मी चालकांशी पुष्कळ वाद घातले आहेत. लिंबू-मिरचीला माझी हरकत नाही, तिच्यातून वारा जातो.

१ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांपैकी पुष्कळांत ईजीआर आहे, म्हणजे एक्झॉस्टचा काही भाग थंड करून पुन्हा आत सोडला जातो. तिथे एक नवीन शक्यता उभी राहते. ईजीआरचा व्हॉल्व काजळीने अर्धवट उघडा अडकला किंवा त्याचा कूलर आतून काजळला, तर इंटरकूलरने थंड केलेल्या हवेत नंतर गरम धूर मिसळतो. ओळखायचे कसे? इंटरकूलरमधून बाहेर पडणारी नळी आणि सिलिंडरांत हवा वाटून देणारा इंजिनचा मॅनिफोल्ड अशा दोन्ही ठिकाणचे तापमान ताडून पाहावे. नळी ५५ आणि मॅनिफोल्ड ८५ असेल तर इंटरकूलरला दोष देण्यात अर्थ नाही. ताप त्याच्यानंतर शिरतो आहे. हे मोजायला तापमापक बंदूक पुरते, फक्त चकाकत्या ॲल्युमिनियमवर ती खरे तापमान दाखवत नाही, आकडा बराच कमी येतो. नळीवर उष्णता सोसणाऱ्या निस्तेज काळ्या रंगाचा रुपयाएवढा ठिपका द्यावा आणि त्याच्यावर बंदूक धरावी.

आता सर्वांत वाईट प्रकाराविषयी. काही ठिकाणी सेन्सरच्या वायरीत एक छोटा रेझिस्टन्स टाकून दिला जातो. त्यामुळे रोध वाढतो, संगणकाला आत जाणारी हवा प्रत्यक्षापेक्षा थंड भासते, दिवा विझतो आणि गाडी चढाला पुन्हा ओढू लागते. गिऱ्हाईक खूश होते. परंतु हवा तेवढीच तापलेली आणि तेवढीच विरळ असते; संगणक मात्र पूर्ण डिझेल सोडतो. न जळलेल्या डिझेलचा काळा धूर मुंब्रा-कळव्यातल्या घरांत जातो, बीएस-६ गाडीत तो एक्झॉस्टमधला काजळी अडवणारा फिल्टर तुंबवतो आणि एक्झॉस्टचा ताप टर्बोच्या पात्यांवर जातो. ताप आलेल्या माणसाचा थर्मामीटर बर्फात बुडवून त्याला कामाला धाडण्यातला हा प्रकार आहे. हे करणाऱ्याला मी कारागीर मानत नाही.

ट्रकांपुरताच हा प्रश्न आहे असेही समजू नये. ऐरोली-महापे पट्ट्यात आणि आमच्या सोसायट्यांत मोठाले जनरेटर बसले आहेत. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून खोलीच्या झडपा बंद ठेवल्या की रेडिएटरने बाहेर फेकायची गरम हवा खोलीतच फिरते, आणि मशीन लोडवर आल्यावर वीसेक मिनिटांत तेच रडगाणे सुरू होते. एका सोसायटीत केवळ दोन झडपा उघडून आणि हवा बाहेर नेणारा पत्र्याचा नळ नीट जोडून काम झाले होते.

शेवटी वाहतुकीच्या नियोजनाशी संबंधित एक गोष्ट. डिझेल गाडीची पीयूसी तपासणी गाडी उभी असताना, लोड नसताना ॲक्सिलरेटर दाबून होते. त्या स्थितीत टर्बोला काम नसते आणि इंटरकूलर तुंबलेला असला तरी ते दिसत नाही. म्हणून प्रमाणपत्र खिशात असलेली गाडी त्याच दुपारी बायपासवर काळा धूर सोडत उभी राहू शकते, आणि त्यात कोणी लबाडी केलेली असतेच असे नाही. दुसरीकडे, ठाण्यात अवजड वाहनांना ठरावीक तासांतच प्रवेश मिळत असल्यामुळे शेकडो ट्रेलर कळंबोली, शिळफाटा, खारेगाव परिसरात तासन्‌तास रस्त्याच्या कडेला उभे राहतात. हा वेळ आज फुकट जातो. वाहने थांबवण्याच्या या जागांपैकी निदान एका-दोन ठिकाणी महापालिका आणि वाहतूक विभाग यांनी मिळून सावली, कमी दाबाच्या पाण्याचा नळ, मैलपाण्याच्या निचऱ्याची सोय आणि एक साधा खड्डा असलेला तपासणीचा गाळा दिला, तर चालकाला चढाच्या आधी जाळी पाहता येईल, होसच्या क्लिपा आवळता येतील, पंखा हाताने फिरवून पाहता येईल. बंद पडलेला ट्रेलर गायमुखवरून टोचन करून काढण्यासाठी क्रेन आणावी लागते आणि तोवर दोन्ही बाजूंना रांगा लागतात. त्या एका क्रेनफेरीच्या खर्चात नळाचे काम बरेचसे होईल असा माझा अंदाज आहे. महापालिकेच्या अभियंत्यांनी तो तपासून चूक ठरवला तरी मला चालेल.

आपल्या बातमीदारांनाही एक विनंती आहे. पुढच्या वेळी 'इंजिन तापल्यामुळे' असे लिहिण्याआधी चालकाला इतकेच विचारावे, की पाण्याचा काटा कुठे होता.

कळावे,
आपला,
एक निवृत्त देखभाल पर्यवेक्षक,
ऐरोली, नवी मुंबई